मुलाला कशात घातलंय?

दसऱ्याची सुट्टी तोंडावर आली की आमच्या टिळकवाडीत, शहापुरात एकच प्रश्न कानावर येतो : "यंदा मुलाला कशात घातलंय?" जणू मूल म्हणजे कैरी, मीठमसाल्यात घातली नाही तर नासायचीच! मग अबॅकस, कराटे, स्पोकन इंग्लिश. सकाळी एक, दुपारी दुसरा, चार वाजता तिसरा क्लास. मधल्या वेळात जेवण. रात्री आईबाप समाधानाने सांगतात, "वेळ अगदी सत्कारणी लागला हो."

हे सत्कारणी लावणेच आपल्या घरातल्या मराठीच्या मुळावर आले आहे, असे माझे म्हणणे आहे. नुसते 'मुलांना खेळू द्या' एवढेच सांगायचे असते तर लेखणी उचलली नसती. खेळाचा आणि विश्रांतीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात लिहिलेला आहे आणि भारताने 1992 साली तो मान्यही केला आहे. पण आपले दुखणे पुण्यामुंबईच्या पालकांहून निराळे आहे.

हिशेब मांडून बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुले इंग्रजी शाळेत घातली. राज्याच्या 2015 च्या कायद्याने कन्नड सगळ्याच शाळांत आली. ती शिकावीच, शेजाऱ्याची भाषा न येणे यात कसला आलाय अभिमान? शिकवणी पुन्हा इंग्रजीतून. मग मराठी उरली कुठे? जेवणानंतर आजीशेजारी लोळताना, गल्लीत भांडताना, कपाटातला जुना दिवाळी अंक उलटताना. म्हणजे ज्याला आपण 'रिकामा वेळ' म्हणतो, नेमकी तिथेच. त्या वेळाला फी नाही, परीक्षा नाही, म्हणून कात्री पहिल्यांदा त्यालाच लागते. त्यावर आमच्या काही उत्साही मंडळींनी उपाय काढला : मराठी संस्कार वर्ग, सायंकाळी पाच ते सहा. झाले, उरलेला तासही गेला!

दिवाळीचा किल्लाच घ्या. बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरे माती कालवत, बुरूज कुणी करायचा यावरून हमरीतुमरीवर येत, खंदकात पाणी का टिकत नाही यावर तासभर डोके खाजवत. बुरूज, तट, खंदक, माची हे शब्द कुणी शिकवावे लागत नसत. आता तयार किल्ला विकत मिळतो, आणि स्पर्धेचा असेल तर बापच बांधतो; पोरगा क्लासहून आला की शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो.

धारवाडला जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवीत, भोवतीचे गाव कन्नड, आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. त्या कुठल्या वेळापत्रकात बसवणार होतात?

"मोकळे सोडले तर मूल मोबाइल घेऊन बसते," असे उत्तर मला हमखास मिळते. बसते, खरे आहे. त्याच खोलीत वडीलही मोबाइल घेऊन आडवे झालेले असतात, हेही खरे आहे. पण ज्या मुलाला तासभर काय करायचे हे आजवर एकदाही स्वतः ठरवावे लागले नाही, ते दुसरे काय करणार? "आई, मी काय करू?" असे ते विचारते तेव्हा आपण घाबरून लगेच काहीतरी हातात देतो. देऊ नका. अर्धा तास कुरकुरू द्या. ती कुरकुर कुठल्या भाषेत चालली आहे, तेवढे मात्र कान देऊन ऐका. गावात 1848 सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे न्यायचे असेल तर जरूर न्या, पण 'हे वाच, ते वाच' न करता कपाटांपाशी सोडून तुम्ही आपले वर्तमानपत्र वाचत बसा.

यंदाच्या सुट्टीत निदान दुपारी एक ते चार घरातल्या कुणीही मुलाला कशातही घालू नये. क्लासची भरलेली फी परत मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. बुडू द्या.