व्हिनियर आणि मुलामा

एखाद्या कृतीला 'मुलामा' म्हटले, की समीक्षेत निकाल लागतो. इंग्रजीत हीच बदनामी 'व्हिनियर' या शब्दाच्या वाट्याला आली; डिकन्सने 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये (१८६४-६५) दिखाऊ नवश्रीमंतांचे आडनावच व्हिनियरिंग ठेवले. सुतारकामावर हा अन्याय आहे, असे आम्हांस वाटते. चांगले लाकूड दुर्मीळ असलेल्या प्राचीन इजिप्तमध्येही साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचे पातळ काप चिकटवीत. त्यात फसवणूक कसली?

फसवणूक झालीच, तर ती दुरुस्तीत होते. जुने व्हिनियर करवतीने कापलेले, म्हणून बरेच जाड असे, आणि ते सरसाने बसवीत. ऊब व ओलावा मिळाला, की सरस सुटतो. त्यामुळे फुटका तुकडा अलगद काढून, रेषा जुळवून नवा बसवता येतो. पुढच्या पिढीतल्या कारागिराला तो नको वाटला, तर तोही काढता येतो. आज मात्र 'नूतनीकरण' म्हणून पृष्ठभाग यंत्राने घासतात आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे नवे पान कृत्रिम गोंदाने कायमचे डकवतात. कधी कधी तर खाली अस्सल सागवान असते!

जुन्या ग्रंथांच्या संपादनात हा भेद आपण ओळखतो. पाठभेद तळटीपेत राखणारा संपादक आणि भाषा गुपचूप 'सुधारून' छापणारा प्रकाशक यांना आपण एका पंक्तीत बसवत नाही. आजोबांचे कपाट दुरुस्तीला देताना मात्र आपण पॉलिशची छटा तेवढी विचारतो. गोंद कोणता, हे विचारत नाही.