नगरपालिकेचा लिपिक शिकणार कोठे?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट राहिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश देईपर्यंत अनेक शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. लोकनियुक्त सभागृहे पुन्हा भरली, ही समाधानाची गोष्ट होय. नव्या नगरसेवकांना कायद्याचे व अर्थसंकल्पाचे ज्ञान व्हावे, त्यांच्यासाठी वर्ग भरवावेत, ही अपेक्षाही रास्तच आहे. परंतु नगरसेवक ज्या टिपणीवर मत देणार ती टिपणी लिहिणारा लिपिक, ज्या मोजमाप पुस्तिकेच्या आधारे देयक मंजूर होणार ती भरणारा कनिष्ठ अभियंता, ज्याच्या नोंदीवर घराचा कर ठरणार तो करनिरीक्षक, यांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारताना दिसत नाही. नगरसेवक पाच वर्षांसाठी येतो. लिपिक तीस वर्षे राहतो. नगराचा कारभार कोणाच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असतो, हे वेगळे सांगावयास नको.

माझा एक जुना विद्यार्थी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात काम करतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेबात हुशार. रुजू झाला त्या दिवशी ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच्या हाती कपाटाची किल्ली व जुन्या नोंदवह्या दिल्या आणि सांगितले, ‘मागच्या वर्षी जसे लिहिले आहे, तसेच लिहीत जा.’ हेच त्याचे प्रशिक्षण! चार वर्षांनी एक जुनी नस्ती चाळताना त्याला एक परिपत्रक सापडले. नगरपालिकांच्या द्विनोंदी लेखापद्धतीवरील पाच दिवसांच्या वर्गासाठी लेखा लिपिकांची नावे त्यात मागविली होती. परिपत्रक वेळेवर आले होते, आवक नोंदवहीत त्याची नोंद झाली होती आणि ते शिस्तीने नस्तीत लावले गेले होते. ज्याच्यासाठी ते काढले, त्याच्या टेबलापर्यंत मात्र ते पोचले नाही. हे सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, याचेच मला अधिक वाईट वाटले.

संस्थांची उणीव नाही

नगरशासनाच्या प्रशिक्षणाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पालिका कर्मचाऱ्यांसाठी पदविका अभ्यासक्रम चालविते. आज अनेक पालिकांत काम करणारे स्वच्छता निरीक्षक तेथूनच शिकून आलेले आहेत. पालिका कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या नुरुद्दीन अहमद समितीने १९६३ साली आपला अहवाल दिला आणि त्यानंतरच्या काळात मुंबई, लखनौ, हैदराबाद येथे नगरविषयक अभ्यासाची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. त्याच १९६३ साली मुंबईत सुरू झालेले प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय पुढे पुण्यास हलले आणि आज ते ‘यशदा’ या नावाने ओळखले जाते. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने तर प्रत्येक केंद्रीय खात्याने आपल्या वेतनखर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम केवळ प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, अशी शिफारस केली. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली आणि शासकीय सेवकांसाठी संगणकावरून घेता येणाऱ्या पाठांचे दालन उघडले.

तेव्हा अभाव संस्थांचा नाही, धोरणाचाही नाही. अडचण आहे ती या संस्था आणि पालिकेतील टेबल यांच्यामधील अंतराची. हे अंतर तीन ठिकाणी पडते. पहिले, वर्ग कोठे व कधी आहे ही बातमीच संबंधितापर्यंत जात नाही. दुसरे, बातमी पोचली तरी त्याला सोडता येत नाही. लहान नगरपरिषदेत एका टेबलावर एकच माणूस असतो आणि तो आठवडाभर बाहेर गेला तर खिडकीवर रांग लागते. परिणामी ज्याच्यावाचून अडत नाही त्यालाच प्रशिक्षणाला धाडण्याची रीत पडते. तिसरे, शिकून आलेल्या माणसाला शिकलेले काम मिळेलच अशी खात्री नसते. लेखापद्धती शिकून आलेला लिपिक जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसविला गेला, तर शासनाचा पैसा आणि त्याचा उत्साह, दोन्ही वाया जातात.

पैसे कोणी द्यावेत?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दुखण्याचे एक कारण सहज ओळखता येईल. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एका प्रकारचे प्रशिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, दुसऱ्याचा उपयोग केवळ त्याच आस्थापनेत होतो. पहिल्यावर मालक खर्च करीत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे गेला तर लाभही त्याच्याबरोबर जातो. तो खर्च कामगार स्वतः सोसतो, कारण पुढे त्याला अधिक वेतन मिळणार असते. दुसऱ्या प्रकारावर मात्र मालक खर्च करण्यास तयार होतो.

हे गणित आपल्या नगरपरिषदांना लावून पाहावे. मुख्याधिकारी राज्यसेवेतून येतात. लेखा, करनिर्धारण, अभियांत्रिकी यांतील अधिकाऱ्यांचे संवर्गही राज्यस्तरीय आहेत आणि त्यांच्या बदल्या एका नगरातून दुसऱ्या नगरात होतात. अशा अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणावर एखाद्या नगरपरिषदेने खर्च केला, तर त्याचे फळ बहुधा शेजारच्या नगराला मिळणार. मग तिने तो का करावा? अधिकाऱ्याने स्वतः करावा म्हटले तर त्याचे वेतन श्रेणीने बांधलेले, कौशल्य वाढल्याने त्यात भर पडत नाही. मग त्याने तरी का करावा? दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि प्रशिक्षण मात्र होत नाही. ज्या संवर्गाचा खरा धनी राज्य शासन आहे, त्याच्या प्रशिक्षणाचा भार राज्य शासनानेच पूर्णपणे उचलला पाहिजे, हा याचा सरळ निष्कर्ष होय. उलट जो लिपिक, जो मुकादम, जो पाणीपुरवठ्याचा कर्मचारी उभी हयात एकाच गावात काढतो, त्याच्या शिक्षणाचा लाभ त्याच गावाला होतो. तेथे नगरपरिषदेने हात आखडता घेण्यास कोणतेही समर्थनीय कारण नाही.

हा खर्च पेलणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका गावात दहा हजार मालमत्ता आहेत. वाढीव बांधकामे नोंदली न गेल्याने व आकारणीतील चुकांमुळे प्रत्येकीमागे वर्षाला सरासरी दोनशे रुपये कर कमी बसतो. म्हणजे वर्षाला वीस लाख रुपये बुडाले. तीन करलिपिकांना नीट शिकविण्यासाठी पन्नास हजार रुपये लागले आणि त्यांनी या तुटीचा केवळ चौथा हिस्सा भरून काढला, तरी पाच लाख रुपये हाती येतात, आणि ते एका वर्षापुरते नव्हे. आकडे कल्पनेतले असले तरी प्रमाण अवास्तव नाही. आपल्या अर्थसंकल्पांत रस्त्याला भांडवली खर्च म्हणतात आणि प्रशिक्षणाला किरकोळ. फरक एवढाच की रस्त्याचे उद्घाटन करता येते.

अज्ञानाची किंमत

ही किंमत आता केवळ तात्त्विक राहिलेली नाही. २००४ साली राष्ट्रीय पातळीवर नगरपालिकांसाठी लेखासंहिता तयार झाली. जमा-खर्चाच्या जुन्या पद्धतीऐवजी मालमत्ता, देणी व येणी यांचे खरे चित्र दाखविणारी द्विनोंदी पद्धत स्वीकारावी, हा तिचा गाभा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील नागरी स्थानिक संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. पण त्याबरोबर अट घातली की, मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहता येतील असे प्रसिद्ध केलेले असावेत. पुढे मालमत्ता कराचे किमान दर ठरविणे व वसुलीत सातत्याने वाढ दाखविणे, याही अटी आल्या. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि महानगरपालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू लागल्या. अशा काळात हातातला एकच मोठा कर, म्हणजे मालमत्ता कर, नीट आकारता येणे आणि हिशेब वेळेवर पुरा करता येणे हा स्वायत्ततेचा पाया आहे.

प्रत्यक्षात काय घडते? ज्या पालिकेला स्वतःचा ताळेबंद करता येत नाही, ती तो बाहेरच्या सनदी लेखापालाकडून करवून घेते. ज्या पालिकेला पाणीयोजनेचा आराखडा वाचता येत नाही, ती सल्लागार नेमते आणि सल्लागाराने चूक केली आहे की नाही, हेही तिला दुसऱ्या सल्लागाराला विचारावे लागते. बाहेरून मदत घेण्यात कमीपणा नाही. परंतु घेतलेली मदत पारखण्याइतके ज्ञान घरात असावयास हवे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि अठरा विषय नगरांकडे सोपविता येतील, असे म्हटले. ते पुरते सोपविले जात नाहीत, ही आपली जुनी तक्रार आहे. पण ‘पालिकांना हे झेपणार नाही,’ असे सांगण्याची सोय राज्यकर्त्यांना जोवर आहे, तोवर ही तक्रार दुबळीच राहील.

आणि काही अज्ञान पैशांत मोजता येत नाही. २०१३ च्या कायद्याने मैला हाताने उचलण्यास आणि सुरक्षा साधनांवाचून गटारे साफ करविण्यास बंदी केली. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण माणूस मरू नये यासाठी काय करावे, हे त्या क्षणी झाकणापाशी उभ्या असलेल्या मुकादमाला ठाऊक असावे लागते. विषारी वायू नाकाला नेहमी कळतोच असे नाही. एक जण बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही जातो. हे एका दिवसाच्या वर्गात शिकविता येते. तो एक दिवस आपण किती मुकादमांना दिला, याचे उत्तर प्रत्येक पालिकेने स्वतःशी द्यावे.

संगणकावर आता सारे पाठ उपलब्ध आहेत, मग वर्गाची गरजच काय, असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. घरबसल्या शिकता येणे हा मोठा लाभ आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पाठ पाहिल्याचे प्रमाणपत्र मिळणे आणि आपल्या गावच्या आकारणी नोंदवहीतील चूक सापडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने आकडे फुगतात, दुसरीने कर वाढतो.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. वर्षारंभीच प्रशिक्षणाचे वेळापत्रक पालिकेच्या सूचनाफलकावर लागावे, आणि कोणाला कशासाठी पाठविले याची नोंद सर्वसाधारण सभेपुढे यावी. एवढ्यानेच परिपत्रके कपाटात पडून राहणे थांबेल. प्रत्येक जिल्ह्यात काही जाणत्या कर्मचाऱ्यांचा राखीव संच असावा. कोणी वर्गाला गेला की संचातील एकाने त्याचे टेबल सांभाळावे. निवृत्त लेखापालही हे काम आनंदाने करतील. शिकून आलेल्या कर्मचाऱ्याला किमान दोन वर्षे त्याच कामावर ठेवण्याचे बंधन असावे.

शेवटची सूचना आम्हा प्राध्यापकांना लागू आहे. सार्वजनिक आयव्यय शिकविताना मी स्वतः वर्षानुवर्षे केंद्राच्या अर्थसंकल्पावर महिना खर्च केला आणि स्थानिक संस्थांचे वित्त दोन तासांत आटोपले. माझ्या त्या विद्यार्थ्याला व्यापाऱ्याचा ताळेबंद येत होता. नगराचा येत नव्हता, आणि त्यात माझाही वाटा आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय असते, वाणिज्य व अर्थशास्त्राचे शिक्षक असतात, सायंकाळी वर्ग रिकामे असतात. पालिकेने आपल्या वह्या घेऊन तेथे यावे. शिक्षकांना खरे हिशेब पाहावयास मिळतील, लिपिकांना आपल्या भाषेत व आपल्या गावात शिकता येईल, आणि प्रवासभत्त्याचा प्रश्नही उरणार नाही.

नव्या सभागृहांपुढे यापुढे दरवर्षी अर्थसंकल्प येतील. त्यांत रस्ते असतील, दिवे असतील, उद्याने असतील. त्या पानांत कर्मचारी प्रशिक्षणाचे लेखाशीर्ष आहे काय, त्यात किती रुपये ठेवले आहेत, आणि मागील वर्षी त्यांतले किती खरोखर खर्च झाले, एवढे तीन प्रश्न वाचकांनी आपल्या नगरसेवकाला अवश्य विचारावेत. पहिल्या वर्षी त्याला उत्तर देता आले नाही, तरी पुढच्या वर्षी तो ते शोधून आणील.