कपाटातील घड्याळाचा विमा
अमरावती-अकोल्याचा व्यापारी दुकानातील मालाचा विमा न चुकता उतरवितो. लग्नात सासरहून आलेले स्विस घड्याळ मात्र जुन्या बिलासह कपाटात पडून असते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात दागिने, चांदीची भांडी अशा मौल्यवान वस्तू सर्वसाधारण सामानात धरल्या जात नाहीत. त्यांसाठी ठरलेल्या मूल्याचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. वस्तू १ लाखाहून अधिक किमतीची असल्यास मूल्यांकनाचे प्रमाणपत्र हवे. खरी मेख चोरीच्या कलमात आहे: आग, पूर अशा आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेलीच चोरी त्यात बसते. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी स्वतंत्र विमाच घ्यावा, त्यात घड्याळ अनुक्रमांकासह नमूद करून घ्यावे आणि बिल दुकानाच्या तिजोरीत हलवावे.