मुहूर्त आणि मावळतीची वेळ

कुंथलगिरीच्या परिसरातील ईट गावी डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. इंग्लंडमधील लेस्टरला मात्र चार वाजण्यापूर्वीच. तेथे मोजक्या आप्तेष्टांत मुलाचे लग्न योजणाऱ्या कुटुंबाने हे ध्यानी घ्यावे. गावाकडून गेलेल्या आजी-आजोबांचा रात्रिभोजनत्याग असतो. मंगलाष्टके लांबली, छायाचित्रे रेंगाळली, तर पंगत बसेपर्यंत अंधार पडतो. मग सूर्योदय आठनंतर. म्हणजे कडाक्याच्या थंडीत पुढचे १६ तास ही वडीलधारी मंडळी उपाशी. तक्रार तर ती करणारच नाहीत. म्हणून मुहूर्त सकाळचा धरावा, दुपारी १ च्या आत ज्येष्ठांची पंगत बसवावी आणि तीनला त्यांना गरम दूध द्यावे. पाहुणे थोडे असण्याचा खरा लाभ हाच, की प्रत्येकाचे व्रत यजमानाला सांभाळता येते.