प्रार्थना हवी, गोळीही हवी

पहाटेची प्रार्थना, बायबलवाचन, कुठे रात्रीची जपमाळ. नांदेड-लातूरकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत हा नित्यक्रम असतो. शरीरावर त्याचा परिणाम होतो का? इटलीत २३ निरोगी प्रौढांवर झालेला अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. जपमाळेची प्रार्थना म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. मंत्रजपानेही तेच घडले. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा त्यामुळे अधिक तत्पर झाली.

मात्र श्वास संथ झाला म्हणून मन परिपक्व होत नाही. आपला राग ओळखणे, क्षमा मागणे, दुःख न लपवणे ही परिपक्वतेची खूण. बायबलमधील १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे कितीतरी आहेत. तिथे भक्त देवाकडे तक्रारही करतो. म्हणून नैराश्याच्या रुग्णाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सुनावणे धर्मालाही धरून नाही, वैद्यकालाही नाही. अशा बोलण्याने रुग्ण गोळ्या अचानक बंद करतो आणि आजार उलटतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले, की ढिगारे उपसल्यावरही मनाच्या जखमा उरतात. दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे. पाळकांनीच हे प्रार्थनासभेत सांगितले, तर गोळी सुरू ठेवायला घरच्यांनाही धीर येईल.