ताळेबंद सगळ्यांसमोर

नेतृत्वाची जबाबदारी म्हटलं की आम्हाला आधी हिवरे बाजारची ग्रामसभा आठवते. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पाणलोटाची कामं झाली, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बंधारे महाराष्ट्रात कितीतरी गावांनी बांधले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. गावात किती पाऊस पडला, विहिरींची पातळी काय, यावरून उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. आधी माणसं आणि जनावरं, उरलेलं शेतीला. पाऊस कमी झाला तर पिकंही त्या बेताची. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा गावाने स्वतःवर घातलेला नियम.

आकडे सगळ्यांना दिसतात, म्हणून सगळ्यांना बांधतात. आपल्या कार्यालयांत आणि संस्थांत नेमकं हेच घडत नाही. आकडे साहेबांच्या केबिनमध्ये राहतात आणि काम बिघडलं की जाब मात्र खालच्या माणसाला द्यावा लागतो. ज्याला माहिती दिली नाही, निर्णयात घेतलं नाही, त्याच्यावर ठपका ठेवणं हा आम्हाला सरळ अन्याय वाटतो.

तुमच्या पतसंस्थेच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत हिशेबावर किती जण बोलले आणि त्यांना काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा.