विजेची प्रभावळ

भाद्रपद जवळ आला कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा गणपतीपुढें आरास काय करावयाची? पूर्वीं याचें उत्तर ठरलेलें असे. माळ्यावरचें लाकडी मखर खालीं येई, त्यावर बेगडाची नक्षी चिकटे, दोन बाजूंस समया लागत, आणि काम भागे. मध्यंतरीं थर्माकोलचीं आयतीं मखरें आलीं. २०१८ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरहि बंदी घातली, आणि त्याच वर्षीं जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें मखरांपुरती सवलत देण्याचें नाकारलें. तेव्हांपासून तरुण मंडळींचें लक्ष दुसऱ्या एका साधनाकडे अधिक वळलें आहे. तें म्हणजे रंग पालटणाऱ्या एल्. ई. डी. दिव्यांची घरीं केलेली कमान. आमच्या सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि ती आतां नवलाची राहिलेली नाहीं. म्हणून ती करावी कशी, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे ती कशासाठीं करावी, याचा थोडा विचार येथें करूं.

कमान ही वस्तु मुळींच नवी नव्हे. तिचें संस्कृत नांव तोरण. सांची येथील स्तूपाचीं तोरणें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतलीं आहेत. घडण लांकडी तोरणाची, पण द्रव्य दगडाचें. त्यांतील दक्षिण तोरणावर, हें कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनीं केलें, असा लेख आहे. म्हणजे हस्तिदंतावर बसलेला हात दगडावर चालला. देवघरांतील पितळी मूर्तीमागें जी प्रभावळ असते तीहि याच कुळांतली. द्रव्य पालटत गेलें, पण हेतु पालटला नाहीं. पाहणाराची दृष्टि कडेनें फिरून मध्यावर यावी आणि तेथें स्थिर व्हावी, हा प्रभावळीचा धर्म. विजेच्या कमानीची परीक्षा याच एका कसोटीवर व्हावी.

आतां तिचें अंतरंग पाहूं. एल्. ई. डी. म्हणजे अर्धवाहक पदार्थाची एक सूक्ष्म कणी. तिच्यांतून प्रवाह गेला कीं ती प्रकाशते. जुन्या दिव्याप्रमाणें तार तापवावी लागत नाहीं. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारी कणी निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं अमेरिकेंत सिद्ध केली. झगझगीत निळा प्रकाश मिळावयास मात्र पुढें सुमारें तीस वर्षें लागलीं. त्या कामाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा हातीं आल्यावर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश एकत्र नांदूं लागले. प्रत्येकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकाच मण्यांतून एक कोटी सदुसष्ट लक्षांहून अधिक छटा निघूं शकतात.

अशा मण्यांची पट्टी बाजारांत मिळते. तिला तीन तारा असतात : एक पांच व्होल्टची, एक परतीची व एक आज्ञेची. प्रत्येक मण्यांत एक लहानसा नियामक बसविलेला असतो. पंगतींत प्रसादाचें ताट एका टोंकाकडून सरकत जावें, ज्यानें त्यानें आपला वांटा घ्यावा व उरलेलें पुढें द्यावें, तशी ही रीत आहे. पहिला मणी आपले तीन आंकडे घेतो व बाकीचे दुसऱ्याकडे धाडतो. म्हणून एखादा मणी बिघडला तर पुष्कळदां त्याच्या पुढचे सर्व गोंधळतात किंवा विझतात. तेवढा कापून पट्टी पुन्हां सोल्डर केली कीं काम पूर्ववत् होतें. पट्टीवर बाण छापलेले असतात. आज्ञा त्याच दिशेनें जाते. बाण उलटा लागला तर कमान पेटत नाहीं.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा करावा. त्या पाण्यांत भिजविल्या म्हणजे हव्या तशा वांकतात. समजा, कमानीची रुंदी ४ फूट व दोन्ही बाजूंचे उभे पाय प्रत्येकीं २ फूट. वरचें अर्धवर्तुळ सुमारें सव्वासहा फूट भरतें. एकूण लांबी सव्वादहा फूट, म्हणजे तीन मीटरांहून किंचित् अधिक. मीटरला ३० मणी असलेली पट्टी घेतली तर सुमारें ९४ मणी लागतात. पूर्ण पांढऱ्या तेजावर एक मणी फार तर ६० मिलिअँपिअर घेतो; त्या हिशेबानें साडेपांच अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह, म्हणजे २८ वॅट शक्ति लागते. पॉवर सप्लाय मात्र नेमका तेवढाच घेऊं नये. ८ किंवा १० अँपिअरचा घ्यावा, म्हणजे तो तापत नाहीं. रोज पांच तास याप्रमाणें दहा दिवस पूर्ण तेजावर ठेवली तरी वीज दीड युनिटहि जळत नाहीं. नातवंडांस वर्गांत शिकविलेला वर्तुळाचा परीघ आणि वीजशक्तीचा गुणाकार येथें एकत्र कामीं येतो, हा लाभ वेगळाच.

कमान पेटली कीं एक चमत्कार दिसतो. आरंभींचे मणी शुभ्र असतात, पण दुसऱ्या टोंकाचे तांबूस होत जातात. मण्यांत दोष नसतो. पट्टीच्या पातळ तांब्यांतून जातांना विजेचा दाब उतरतो. तांबड्या कणीस सुमारें दोन व्होल्ट पुरतात, पण हिरवीस व निळीस तीनच्या आसपास लागतात. म्हणून त्या आधीं मंदावतात आणि तांबडी मागें राहते. उपाय सोपा आहे : त्याच पॉवर सप्लायपासून दोन जाड तारा निघून दुसऱ्या टोंकासहि जोडाव्या.

धोका कोठें आहे तें नीट ओळखावें. पट्टीवरचे पांच व्होल्ट हातास इजा करीत नाहींत, पण तारा एकमेकींस भिडल्या तर तापून पेटूं शकतात. म्हणून तेथेंहि फ्यूज हवा. खरें भय पॉवर सप्लायमागच्या २३० व्होल्टांचें. ती जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थिंग असावें व ३० मिलिअँपिअरला तुटणारें आर्. सी. सी. बी. असावें. आमच्या अवर्षणाच्या तालुक्यांत पाऊस पुष्कळदां भाद्रपदांतच जोर धरतो. तेव्हां भिंती ओलसर असतात आणि अंगणांतली कमान भिजते. समई, निरांजन आणि कापराची आरती यांपासून बांबू व तारा हातभर दूर ठेवाव्या. घर दर्शनास आलेल्या लेंकरांनीं भरलेलें असतें, हें एकदां मनांत आणलें म्हणजे या सूचना किरकोळ वाटणार नाहींत.

आतां कसोटीचा प्रश्न. नियंत्रकाच्या एका बटणानें कमान धांवते, लुकलुकते, कडाडते. हात त्याच बटणाकडे जातो, हें खरें. पण सेकंदास तीनांहून अधिक वेळां होणारा लखलखाट कांहीं अपस्मारी रुग्णांस झटका आणूं शकतो, आणि उघड्या मण्यांची तिरीप वृद्धांच्या डोळ्यांस बाधते. २०२४ च्या उत्सवांत पुणें पोलिसांनीं मिरवणुकींतील लेझरच्या झोतांस बंदी केली, ती डोळ्यांच्या काळजीमुळेंच. जी गोष्ट रस्त्यावर अनिष्ट, ती देवघरांत इष्ट कशी होईल? षोडशोपचारांत दीप हा एक उपचार आहे. तो देवास वाहिलेला असतो, देवापुढें मिरविलेला नसतो. म्हणून पट्टी दुधी रंगाच्या नळींत घालावी, तेज तिसऱ्या हिश्श्यावर आणावें, आणि केशरी रंग सावकाश, मिनिटभरांत, गुलाबी व्हावा इतकीच गति ठेवावी. आरतीच्या वेळीं रंग स्थिर करावा. त्या वेळीं निरांजनाची ज्योत कमानीपुढें फिकी पडत असेल, तर तेज अद्याप अधिक आहे असें समजावें.

राहिली वांटणीची गोष्ट. पुष्कळ घरांत तारा मुलांच्या आणि रांगोळी मुलींच्या वांट्यास येते. यास कांहीं आधार नाहीं. सोल्डर करावयास स्थिर हात लागतो, हिशेबास स्वच्छ बुद्धि लागते. या गोष्टी नातींजवळ नातवांहून कमी नसतात. आजोबांनीं कामट्या वांकवाव्या, काकांनीं जोडणी तपासावी, आजीनें रंग पसंत करावे. एकत्र कुटुंबास चार दिवस एका कामाभोंवतीं बसविणारी आरास आयत्या आराशीहून केव्हांहि श्रेष्ठ.

विसर्जनानंतर पट्टी सैल गुंडाळून डब्यांत ठेवावी, आणि कोणती तार कोठें लागते त्याची आकृति एका वहींत काढून ठेवावी. दिवाळींत तीच कमान दारावर चढेल. पुढल्या भाद्रपदांत वही घरांतील त्याहून धाकट्या हातीं द्यावी. विदिशेच्या कारागिरांचा हात हस्तिदंतावरून दगडावर गेला तो असाच कोणीतरी शिकविल्यामुळें गेला असला पाहिजे; आमच्या घरांतूनहि तो कागदावरून विजेवर सुखरूप जावो.